उत्तराचा अपराध : समलिंगी प्रेम, कायदा आणि मराठी वाङ्मय

मराठीतील वाङ्मयीन बंधनांचा विचार करताना आपले अभ्यासक प्रायः खटले झालेली पुस्तके आणि अडविले गेलेले प्रयोग यांची यादी करून आरंभ करतात. चंद्रकांत काकोडकरांच्या कथेवरील, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आणि १९६९ साली निर्दोष सुटकेत संपलेला अश्लीलतेचा खटला, किंवा १९७२ साली 'सखाराम बाइंडर'च्या प्रयोगावरून परिनिरीक्षण मंडळाशी झालेला आणि उच्च न्यायालयात गेलेला झगडा, ही प्रकरणे सर्वांच्या परिचयाची आहेत. समलिंगी प्रेमाच्या विषयापुरती ही यादी करू गेले तर ती जवळजवळ कोरी निघते. त्यावरून मराठी समाज या बाबतीत पुरेसा सहिष्णु होता असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि तो काढलाही जातो. परंतु ज्या विषयाचा उच्चारच होत नाही त्यावर बंदी घालण्याचे प्रयोजन कोणासही पडत नाही. तेव्हा शोध घ्यावयाचा तो बंदीचा नव्हे. हा उच्चार कोठे आणि कोणत्या उपायाने थांबविला गेला, याचा.

या शोधात पहिला टप्पा लागतो तो रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाचा. जुलै १९२७ पासून नोव्हेंबर १९५३ पर्यंत कर्व्यांनी हे मासिक जवळजवळ एकट्याच्या बळावर चालविले. त्यांच्यावरील पहिला खटला 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखावरून १९३१ साली झाला व त्यात त्यांना शंभर रुपये दंड झाला. दुसरा खटला १९३४ चा. कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते, या एका गोष्टीसाठी तो आज स्मरला जातो. ते योग्यच आहे. पण खटल्याचा विषय काय होता इकडे त्यामुळे थोडे दुर्लक्ष झाले. या वेळी आक्षेप एखाद्या प्रबंधवजा लेखावर नव्हता. वाचकांनी पत्रांतून विचारलेले प्रश्न आणि त्यांना संपादकांनी दिलेली उत्तरे यांवर तो होता, आणि त्या प्रश्नांत हस्तमैथुनाबरोबर समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता.

त्या खटल्यातील वादाचे स्वरूप लक्षणीय आहे. असले विकृत प्रश्न मुळात छापावेतच कशाला, आणि कोणी विचारलेच तर त्यांना उत्तर देण्याचे कारण काय, असा न्यायासनाचा रोख होता. आंबेडकरांचे म्हणणे असे की, मासिक जर लैंगिक ज्ञानासाठीच चालविले जात असेल तर वाचकाच्या प्रश्नाला उत्तर देणे हे संपादकाचे कर्तव्यच ठरते. आणि ज्याला विकृती म्हणावयाचे ती असलीच तर ज्ञानानेच हटेल, अज्ञानाने हटणार नाही. हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार देऊन, ज्यांचा कल जन्मतःच समलिंगी आहे त्यांत गैर ते काय, अशा आशयाचा युक्तिवादही त्यांनी केला. १९३४ साली, मुंबईच्या न्यायालयात, एका भारतीय वकिलाने हे म्हणावे ही आपल्या वैचारिक इतिहासातील असाधारण घटना आहे. खटला ते हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

दोनशे रुपयांचा दंड म्हणजे पुस्तकाची होळी नव्हे. मासिक पुढेही एकोणीस वर्षे चालले. तरीही या निकालाने जे ठरविले त्याचा परिणाम एखाद्या ग्रंथजप्तीपेक्षा दूरवर पोहोचला असे मला वाटते. कारण त्याने ठरविले ते एवढेच की, प्रश्न पडणे हा वाचकाचा खाजगी दुर्दैवाचा भाग आहे, पण त्याला मराठीत, छापून, सभ्य शब्दांत उत्तर देणे हा दंडनीय अपराध आहे. इंग्रजी जाणणाऱ्याला एलिस वाचण्यास कोणी हरकत घेत नव्हते. खुद्द न्यायालयात त्याचा हवाला देता येत होता. अडचण होती ती तेच ज्ञान दोन-चार आण्यांच्या मासिकातून ज्याला इंग्रजी येत नाही त्याच्या हाती जाण्याची. अश्लीलतेच्या कायद्याच्या मुळाशी असलेली १८६८ ची हिक्लिन कसोटीही हेच विचारत असे की, हा मजकूर कोणाच्या हाती पडण्याचा संभव आहे. कायद्याला मजकुराइतकीच वाचकाची धास्ती होती.

येथे एका दुव्याकडे लक्ष वेधले पाहिजे. भारतीय दंडसंहितेचे ३७७ वे कलम १८६० चे. 'निसर्गक्रमाविरुद्ध' संभोग हा त्यातील अपराध. हा निसर्गक्रम म्हणजे काय, हे कलमात सांगितलेले नव्हते. ते सांगण्याचे काम पुढे न्यायालयांनी केले, आणि त्यांतील एक वारंवार उद्धृत झालेला निकाल 'खानू विरुद्ध सम्राट' हा १९२५ चा, सिंध प्रांतातील आहे. सिंध तेव्हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. संभोगाचे नैसर्गिक प्रयोजन अपत्यसंभव हे होय, आणि जेथे तो संभवच नाही तो संभोग निसर्गाविरुद्ध, अशी त्या निकालाची विचारसरणी आहे. आता याच सुमारास त्याच इलाख्याच्या राजधानीत कर्वे काय करीत होते? १९२१ पासून ते संततिनियमनाचे केंद्र चालवीत होते. म्हणजे अपत्यसंभवापासून संभोग वेगळा काढण्याचा उघड प्रचार करीत होते. खानूचा तर्क शेवटपर्यंत नेला तर कर्व्यांचा सल्ला मानणारे प्रत्येक विवाहित जोडपे निसर्गाविरुद्ध वागत होते. कायद्याने तो तर्क तेथवर नेला नाही, कारण कायद्याला तेवढे सातत्य परवडणारे नव्हते. परंतु कर्व्यांना मात्र हे नाते दिसले असले पाहिजे. समलिंगी वाचकाचा प्रश्न त्यांनी टोपलीत टाकला नाही, याचे कारण केवळ उदारपणा नसून विचाराची एकसूत्रता हे असावे. मराठी टीकेने कर्व्यांना संततिनियमनाचे प्रवर्तक म्हणून मखरात बसविले आणि त्यांच्या विचाराचा हा दुसरा पदर मखराबाहेर राहिला.

ज्याच्यासाठी हे उत्तर होते तो वाचक कोठला? मुंबई-पुण्याचा असेल, पण उत्तराची गरज अधिक होती ती पेण किंवा रोहा यांसारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला. (जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते, रायगड हे १९८१ पासूनचे.) या दोन गावांची नावे येथे मी सहज घेत नाही. मुंबईपासून ती दूर नाहीत. आज रोह्यापर्यंत मुंबईकडची रेल्वे येते आणि तेथून पुढे कोकण रेल्वे सुरू होते. पेणच्या गणेशमूर्ती तर देशोदेशी जातात. मुंबईत जे घडते ते येथे समजण्यास काही तासही लागत नाहीत. तरीही अशा गावात मनुष्य ओळखला जातो तो अमक्याचा मुलगा, तमक्यांची सून म्हणून. नाव सांगण्यापूर्वी घर सांगावे लागते. ज्या ठिकाणी घराच्या ओळखीखेरीज दुसरी ओळखच नाही, तेथे घराला न सांगता येणारी गोष्ट कोणालाच सांगता येत नाही. निनावी पत्र आणि टपालाने येणारे छापील उत्तर ही अशा माणसाची एकमेव वाट होती. कायद्याने नेमकी तीच बंद केली. त्यानंतर उरतात ते दोनच मार्ग : लग्न, किंवा मुंबईची गाडी. पुष्कळांनी एकाच आयुष्यात दोन्ही पत्करले असतील.

मराठी ललित वाङ्मयाने पुढे या प्रश्नाचे काय केले, हे पाहण्यासाठी विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे १९८१ साली रंगभूमीवर आलेले नाटक मध्यवर्ती मानावे लागेल. दिग्दर्शन विनय आपटे यांचे आणि मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांची. काळ स्वातंत्र्यपूर्व, महायुद्धाच्या दिवसांतला. सुमित्रा देव ही महाविद्यालयीन तरुणी आपला ओढा पुरुषाकडे नाही हे स्वतःशी ओळखते. नाटकात पुरुषाची भूमिका करताना तिच्यासमोर नायिका म्हणून उभी राहिलेल्या नमावर तिचे प्रेम जडते. आणि तिने नमाला लिहिलेले पत्र नमावर हक्क सांगणाऱ्या दळवीच्या हाती लागते. शेवट मित्राच्या आत्मघातात होतो.

तेंडुलकरांच्या नाटकांतील हिंसेवर जेवढी शाई खर्च झाली त्या मानाने या नाटकाचा विचार थोडा झाला, आणि झाला तोही बहुतेक 'विकृतीचे धीट चित्रण' या सदराखाली. वस्तुतः या नाटकातील मर्मस्थान वेगळे आहे. मित्राने कोणताही गुन्हा केलेला नाही. हे विधान नैतिक अर्थाने नव्हे, तर अगदी कायद्याच्या अर्थाने घ्यावयाचे आहे. ३७७ व्या कलमाच्या स्पष्टीकरणात अपराधासाठी जे कृत्य आवश्यक धरले होते ते पाहता दोन स्त्रियांचे प्रेम त्या कलमाच्या कक्षेत येतच नव्हते. मित्रावर खटला होऊ शकला नसता. आणि तरीही एक पत्र तिला संपविण्यास पुरे पडते. ते पुरे पडते, कारण त्या पत्रात जे आहे त्याला समाजाच्या भाषेत निषेधाखेरीज दुसरे नावच नाही. नाव नसल्यामुळे मित्राला त्याचा बचावही करता येत नाही. व्यभिचाराचा आरोप आला तर माणूस म्हणू शकतो, मी व्यभिचार केला नाही, किंवा केला आणि त्याची ही कारणे. मित्राजवळ असे एकही वाक्य नाही. १९३४ च्या खटल्यातील न्यायासनाचा रोख पुन्हा ऐकू यावा तसे हे आहे : उत्तर द्यावेच कशाला?

नाटकाच्या रचनेतही हीच अडचण उमटली आहे, आणि तेथे तेंडुलकरांविषयी थोडी तक्रार करावीशी वाटते. मित्राची गोष्ट आपण ऐकतो ती बापूच्या तोंडून. बापू भला आहे, भिडस्त आहे, मित्रावर त्याची निष्ठा आहे. तिला व नमाला भेटण्यासाठी तो आपली खोलीही देतो. परंतु प्रेक्षकाला जी सहानुभूती वाटावयाची ती बापूच्या घालमेलीतून गाळून यावयाची, अशी योजना आहे. मित्रा स्वतः बोलते तेव्हा ती विलक्षण जिवंत आहे, उद्धट आहे, मालकी गाजविणारी आहे. ती पुतळा नाही, हे तेंडुलकरांचे श्रेय निःसंशय मोठे. पण तिच्या आयुष्याचा अर्थ लावण्याचा अधिकार नाटक तिला देत नाही. तो निवेदकाकडे, म्हणजे प्रेक्षागृहात बसलेल्या मध्यमवर्गीय सद्‌गृहस्थाच्या प्रतिनिधीकडे राहतो. मृत्यूविषयीही असेच. मित्रा मरते हे कथेच्या तर्काला धरून आहे असे म्हणता येईल. तथापि तिने जिवंत राहावे असा शेवट १९८१ च्या मराठी रंगभूमीला कल्पिताच आला नसता, हेही तितकेच खरे.

आणखी एक बाब सहसा नोंदली जात नाही. मित्रा रंगभूमीवर पुरुषाचे काम करते तेथून तिच्या संकटास आरंभ होतो. ज्या रंगभूमीने बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांवर पिढ्या ओवाळून टाकल्या, ज्यांच्या लुगड्या-दागिन्यांची नक्कल कुलीन स्त्रियांनी केली, त्याच रंगभूमीच्या वारसदार प्रेक्षकांसमोर तेंडुलकरांनी ही उलटी भूमिका ठेवली आहे. पुरुषाने स्त्री होणे ही कला होती, कारण पडदा पडला की तो पुरुष होई. याच अटीचा निराळा आविष्कार आनंद यादवांच्या 'नटरंग' कादंबरीत आणि तिच्यावरून २०१० साली आलेल्या चित्रपटात दिसतो. गुणा हा पैलवानी बाण्याचा गडी. तमाशाचा फड उभा राहावा म्हणून तो नाच्या होतो आणि गाव, घर, अब्रू सारे गमावतो. आपण गुणासाठी हळहळतो. परंतु ही हळहळ शक्य होते ती गुणा 'तसा' नाही याची कथेने आपल्याला आरंभापासून खात्री दिलेली असते म्हणून. जो खरोखरच तसा आहे त्याच्या वाट्याला यांतील किती हळहळ आली असती, हा प्रश्न कथेबाहेर राहतो. अन्याय झाला तो काय, तर चुकीच्या माणसावर शिक्का बसला हा; शिक्का मुळात असावा का, हे कोणी विचारीत नाही.

'उंबरठा' या १९८२ च्या जब्बार पटेलांच्या चित्रपटाविषयी थोडक्यात सांगता येईल. महिलाश्रमातील दोन स्त्रियांचा संबंध उघडकीस येतो तेव्हा अधीक्षिका सुलभा महाजन त्यांच्याकडे गुन्हेगार म्हणून न पाहता मानसोपचाराची गरज असलेल्या म्हणून पाहते. त्या काळाच्या मानाने ही मोठीच मजल होय. पण उंबरठा ओलांडणाऱ्या नायिकेच्याही मुक्तीची कल्पना येथे येऊन थांबते, हे विसरू नये.

१९९८ साली दीपा मेहता यांच्या 'फायर' या चित्रपटाने जो प्रसंग उभा केला तो कायद्याच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. चित्रपट परिनिरीक्षण मंडळाने तो कोणतीही काटछाट न करता मान्य केला होता. २ डिसेंबर १९९८ रोजी मुंबईत चित्रपटगृहांवर हल्ले झाले, तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी हल्लेखोरांचे कौतुक केले, आणि चित्रपट पुन्हा मंडळाकडे पाठविण्यात आला. फेब्रुवारी १९९९ मध्ये मंडळाने तो पुन्हा तसाच मान्य केला. कायद्याचे उत्तर दोनदा एकच आले. मधल्या काळात चित्रपटगृहांच्या फुटलेल्या काचांनी दिलेले उत्तर निराळे होते. आक्षेपाचा मोठा भाग दोन नायिकांच्या नावांवर, राधा आणि सीता यांवर होता. म्हणजे येथेही भांडण पुन्हा नावाचेच. असे प्रेम असेल तर असो, त्याला आपल्या घरातले नाव नको.

घरातल्या नावाचा हा प्रश्न सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू' (२००६) या कादंबरीत वेगळ्या वाटेने येतो, आणि माझ्या मते मराठीत या विषयावर झालेले हे आजवरचे सर्वांत अर्थपूर्ण लेखन आहे. एका मध्यमवर्गीय कुटुंबात भाड्याने राहावयास आलेल्या तरुणावर घरातील तनय आणि अनुजा हे भाऊ-बहीण दोघेही प्रेम करतात. अनुजा त्याच्याबरोबर निघून जाते आणि पुढे एकटी परतते. कादंबरी या दोघांच्या दोन स्वतंत्र कथनांची आहे. मध्ये कोणी बापू नाही, हा पहिला लाभ. दुसरी गोष्ट अशी की, येथे कोणी तनयवर हल्ला करीत नाही, कोणी त्याचे पत्र पळवीत नाही, पोलीस नाहीत, कलम नाही. घरात आकांत होतो तो अनुजासाठी. तिची बदनामी होते, तिला सांभाळले जाते, तिच्या मनाची चिंता केली जाते. तनयने नेमके तेच गमावले आहे, पण त्याचे दुःख कोणाच्या गावीही नाही. बदनामी ही सुद्धा एक प्रकारची मान्यता असते, हे या कादंबरीतून जेवढे जाणवते तेवढे दुसरीकडे क्वचित जाणवेल. भाडेकरूला संपूर्ण कादंबरीत नाव नाही. तनय त्याच्याशी मनोमन बोलत राहतो आणि उत्तर येत नाही. कादंबरीचे इंग्रजी भाषांतर जेरी पिंटो यांनी केले, ते २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ११ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल फिरवून ३७७ वे कलम पूर्ववत केले.

उत्तर देण्याचे जे काम १९३४ साली दंडनीय ठरले ते मराठीत पुन्हा हाती घेतले गेले त्याला जवळजवळ सत्तर वर्षे लागली. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली पुण्यात समपथिक ट्रस्टची स्थापना केली. 'पार्टनर', 'इंद्रधनु' यांसारखी त्यांची पुस्तके आणि त्यांचे माहितीपर लेखन हे वाङ्मयीन गुणांच्या तराजूत तोलावयाचे नव्हे. त्यांत सफाई कमी आहे, बोधाचा भाग अधिक आहे. आपल्या विभागांतून अशा लेखनाची दखल घेतली जात नाही ती याच कारणाने. परंतु कर्व्यांची उत्तरेही ललित वाङ्मय नव्हती. आणि रोह्याच्या एखाद्या वाचनालयात 'कोबाल्ट ब्लू' व 'पार्टनर' शेजारी ठेवली तर अठरा वर्षांच्या मुलाला आधी कोणत्या पुस्तकाची गरज लागेल, हे समीक्षकाने सांगण्याची आवश्यकता नाही. 'समलिंगी', 'समलैंगिक' हे शब्द वृत्तपत्रांतून शिवीवाचून वापरले जाऊ लागले ते अशा लेखनाच्या रेट्यामुळेही. त्यापूर्वी बातमीदाराजवळ पोलिसी दप्तरातील 'अनैसर्गिक कृत्य' एवढाच शब्द होता, आणि त्यात परस्परसंमतीचे प्रेम आणि बालकावरील अत्याचार ही दोन्ही एकाच गाठोड्यात बांधलेली असत.

हे गाठोडे सोडविण्याचे काम ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने केले. सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध ३७७ व्या कलमातून वगळले गेले; बळजोरीपुरते ते कलम शिल्लक राहिले. विवाहाच्या मान्यतेची मागणी १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात फेटाळली गेली, तेव्हा भाड्याची खोली, दवाखान्यातील संमतीची सही, मृत जोडीदाराच्या मालमत्तेवरील हक्क या ठिकाणी नात्याला नाव नसण्याची जुनी अडचण तशीच आहे. पुढे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. कर्व्यांना ज्या अश्लीलतेच्या कलमाखाली दंड झाला त्या २९२ व्या कलमाचे तीत २९४ वे कलम झाले; शास्त्र, वाङ्मय व विद्या यांच्या हितासाठी असलेल्या मजकुराचा १९६९ च्या दुरुस्तीने आलेला अपवाद त्यात कायम आहे. कर्व्यांना तो उपलब्ध असता तर १९३४ चा निकाल कदाचित निराळा लागता. ३७७ वे कलम मात्र नव्या संहितेत समूळ गळाले. संमतीचा भाग गेला तसा बळजोरीचाही. बलात्काराची व्याख्या स्त्रीवरील अत्याचारापुरतीच राहिली. 'नटरंग' चित्रपटात गुणावर जो सामुदायिक अत्याचार होतो, तो पडद्यावर पाहताना प्रेक्षकाला गुन्हा वाटतो. पण सज्ञान पुरुषावरील अशा अत्याचारासाठी नव्या संहितेत स्वतंत्र कलम नाही. पेणच्या किंवा रोह्याच्या ठाण्यात असा एखादा गुणा उद्या तक्रार घेऊन गेला, तर दुखापत, मारहाण, कोंडून ठेवणे अशा कलमांत ती बसवावी लागेल. आणि जे घडले त्याचे नाव त्या कागदावर असणार नाही.